पोस्टरवरची सगळ्यात बारीक अक्षरं

प्रश्न : माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिथं चार पोरांनी मिळून रॉक बँड काढलाय. मध्यंतरी त्यांना एका नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. पोरगं फोनवर आनंदानं नुसतं ओरडत होतं. मी जरा खोलात चौकशी केली. वाजवायला मिळाली पंचवीस मिनिटं. मानधन शून्य. पोस्टरवर नाव इतकं बारीक की चष्मा पुसून वाचावं लागलं. आणि हे वाजवत होते तेव्हा निम्मं मैदान रिकामं, उरलेले लोक खाण्याच्या रांगेत. बहीण म्हणते, पोरगं खूश आहे ना, मग राहू दे. पण मला राहवत नाही. ही आपल्या तमाशातल्या गण-गवळणीसारखी रीत आहे का? की पोरांना फुकटात राबवून घेतात? आणि यात एवढं नाचण्यासारखं आहे तरी काय?
— एक मामा, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : मामा, तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर ‘थोडंफार हो’ असं आहे. पण आधी गण-गवळणीचं बघू, कारण तिथंच खरी मेख आहे.

गण-गवळण करणारी माणसं त्याच फडाची असतात. गणात ज्यानं सूर धरला तोच पुढं वगात राजाचा प्रधान म्हणून उभा राहतो. लोकांनी तिकीट त्या फडाचं काढलेलं असतं, त्यामुळे गणाला कुणी परकं मानत नाही. तुमच्या भाच्याचं तसं नाही. लोक आलेत दुसऱ्यासाठी, तिकिटाचे पैसे दिलेत दुसऱ्यासाठी, आणि समोर उभा आहे हा. आपल्याकडं याला जवळचं काही शोधायचं तर सप्ताहातला हरिपाठ घ्या. संध्याकाळी गावातलीच मंडळी हरिपाठाला उभी राहतात, तेव्हा कीर्तनकार महाराज कुणाच्या तरी ओसरीवर चहा घेत असतात. मंडपात माणसं एकेक करून येत असतात, बायका पोरांना बसवत असतात, साऊंडवाला माईकची वायर हलवून बघत असतो. हरिपाठ चांगला रंगला तरी दुसऱ्या दिवशी चर्चा कीर्तनाचीच. फरक इतकाच, की हरिपाठ संपल्यावर तेच टाळकरी महाराजांच्या मागं उभे राहतात आणि रात्र त्यांचीही होते. रॉकमधल्या पहिल्या बँडला मात्र आपलं चंबूगबाळं उचलून काही मिनिटांत मंच मोकळा करून द्यावा लागतो. पुढची रात्र त्याची नसते.

मग त्याला बोलवतात कशाला? लोकांना वाटतं, वातावरण तापवायला. ते आहेच, पण आयोजकाच्या दृष्टीनं पहिलं काम फाटकाचं असतं. काही हजार माणसं एकाच वेळी दारावर आली तर चेंगराचेंगरी व्हायची. त्यांना दोन-तीन तास आधीपासून थोडं थोडं आत घ्यायचं, तर आत काहीतरी चालू असायला हवं. माणूस लवकर आत आला की खाण्यापिण्याच्या ठेल्यांचा धंदा होतो आणि ठेल्यांच्या भाड्यातून आयोजकाचा. शिवाय स्थानिक बँड आपले मित्र, वर्गमित्र, मित्रांचे मित्र घेऊन येतो. तेवढी तिकिटं जास्त खपतात. म्हणजे तुमचा भाचा खाण्याच्या रांगेसमोर वाजवत होता असं तुम्ही लिहिता, तर ती रांग तिथं लागावी म्हणूनच त्याला बोलावलं होतं. हे ऐकायला कडू आहे, पण पोरांना एकदा कळलं की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्रानं २००० साली केले. उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांनाच जातात. त्यामुळे रॉकचा कार्यक्रम दहापासून उलटा मोजत आखतात. मोठ्या बँडला दोन तास, त्याआधी मंच बदलायला अर्धा तास, त्याआधी जे उरलं ते पहिल्या बँडचं. मोठ्या बँडचं विमान उशिरा आलं, जनरेटर रुसला, पोलिसांचा शेवटचा कागद अडकला, काहीही झालं तरी तो उशीर भरून काढायचा कुठून? दहा तर हलत नाहीत. पंचेचाळीस मिनिटांची पंचवीस अशीच होतात. तुमच्या भाच्यालाही कदाचित आधी जास्त कबूल केलेली असतील.

आता त्या दिवशी मंचावर काय घडतं ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते कधी दिसत नाही.

साऊंडचेक उलट्या क्रमानं होतो. सगळ्यात शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी आवाज तपासतो, पहिला वाजवणारा शेवटी. कारण साधं आहे : ज्याचा चेक शेवटी, त्याचंच सामान मंचावर लावलेलं राहतं आणि तोच कार्यक्रमाला आधी उभा राहू शकतो. पण मोठा बँड दुपारभर आपल्या एका ड्रमचा सूर जुळवत बसला की खालच्यांची वेळ सरकते. शेवटी फाटक उघडायची वेळ होते आणि पहिल्या बँडला साऊंडचेकऐवजी लाइन चेकवर भागवावं लागतं. लाइन चेक म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतोय एवढंच बघायचं. तो चांगला येतोय का, हे पहिल्या गाण्यातच कळतं. अर्थात लोकांसमोर.

जागेचंही तसंच. मोठ्या बँडचा ड्रमसेट मागं उंच चौथऱ्यावर लावलेला असतो, त्याला काळं कापड घातलेलं. त्याला हात लावायचा नाही. पहिल्या बँडचा ड्रमर त्याच्यापुढं, सपाट मंचावर, गायकाच्या पाठीला ड्रम लागेल इतक्या जवळ बसतो. उरलेल्या पट्टीत गिटारवाले. उड्या मारायची सवय असेल तर आधीच मारून बघावी, नाहीतर कुणाच्या तरी अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीवर, कोसळतो. दिवे मोजके मिळतात. मागचा मोठा पडदा अंधारात राहतो, कारण त्यावर चित्रं दाखवायचा करार दुसऱ्याचा आहे. आणि आवाज! पुष्कळ ठिकाणी पहिल्या बँडचा आवाज मुद्दाम एक पायरी खाली ठेवतात. कुणी तोंडानं कबूल करत नाही, पण मोठा बँड सुरू झाल्यावर एकदम छाती हादरते, त्यातली थोडी करामत या आधीच्या खालच्या आवाजाची असते.

लबाडी म्हणायचं तर ही आहे. पण ती जगभर चालते आणि आजचा पहिला बँड उद्या मोठा झाला की तोही हेच करतो.

लोकांच्या वागण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ती कळ दिसते. दोन उदाहरणं सांगतो. जिमी हेंड्रिक्स, ज्याच्या नावानं आजही गिटार शिकणारं प्रत्येक पोर कानाला हात लावतं, तो जुलै १९६७ मध्ये ‘द मंकीज’ या बँडच्या आधी वाजवायला गेला. मंकीज हा टीव्ही मालिकेतून निघालेला बँड, ऐकायला येणाऱ्या शाळकरी मुली आणि त्यांच्या आया. समोर हेंड्रिक्स गिटार किंचाळवतोय आणि मुली मंकीजच्या लाडक्या गायकाच्या नावानं ओरडतायत. थोड्याच कार्यक्रमांनंतर न्यूयॉर्कमध्ये तो त्या दौऱ्यातून बाहेर पडला. पुढं एक बातमी पसरली, की कुठल्याशा संस्कारी महिला संघटनेनं त्याच्याविरुद्ध तक्रार केली. ती बातमी एका पत्रकार बाईनं गंमत म्हणून रचलेली होती. लोक अजून ती खरी समजून सांगतात. हेंड्रिक्स वाईट वाजवत होता का? मुळीच नाही. जोडी लावणाऱ्याचं डोकं फिरलं होतं. गंमत म्हणजे त्याला घ्या असा आग्रह खुद्द मंकीजनीच धरला होता, त्यांना त्याचं वाजवणं फार आवडलं होतं.

दुसरा अमेरिकन गायक प्रिन्स. ऑक्टोबर १९८१, लॉस एंजलिसचं कोलिझियम स्टेडियम, मुख्य बँड रोलिंग स्टोन्स. ९ तारखेला प्रिन्स आखूड चड्डी आणि लांब कोट घालून आला आणि लोकांनी त्याच्यावर हाताला येईल ते फेकलं. काही गाण्यांतच तो मंच सोडून गेला, थेट विमान पकडून मिनिआपोलिसला घरी. समजूत घालून त्याला परत आणलं; ११ तारखेला पुन्हा तोच प्रकार, थोडा जास्तच. तीन वर्षांनी, १९८४ ला, त्याचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम आला. फेकणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो विकत घेतला असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण मला तो वाचायला आवडला असता.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त समाधानाचं आहे. मार्च २००७ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन या इंग्रज बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. मेटल हा रॉकचा कडक प्रकार ऐकणाऱ्या पोरांसाठी ती जत्राच होती. मुंबई-पुण्याहून बस आणि रेल्वे भरून लोक गेले. आधी वाजवायला होता दिल्लीचा परिक्रमा, १९९१ पासून देशभरातल्या कॉलेजांच्या मैदानांवर मुरलेला बँड, व्हायोलिन आणि तबला सोबत घेऊन रॉक करणारा. मेडनच्या गर्दीसमोर उभं राहणं म्हणजे थट्टा नाही. ती गर्दी आपल्या देवाखेरीज कुणाला हात जोडत नाही. परिक्रमा त्यातून तरला, आणि मेडनच्या मंडळींना तो आवडला. त्याच वर्षी जूनमध्ये परिक्रमा इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात वाजवून आला. अर्ध्या-पाऊण तासाचं असं फळ मिळणं दुर्मीळ, म्हणून तर ते सांगितलं जातं.

बेंगळुरूच्या त्याच कार्यक्रमात आणखी एक पाहुणी होती : लॉरेन हॅरिस, मेडनचा बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस याची मुलगी. १ फेब्रुवारी २००८ ला मेडननं आपला जागतिक दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरून सुरू केला, तेव्हाही आधी तीच. पहिली जागा कुणाला द्यायची हे गुणवत्तेवरच ठरतं असं नाही, हे यावरून ध्यानात यावं. कधी मुलगी असते, कधी त्याच रेकॉर्ड कंपनीचा नवा गडी, कधी आयोजकाच्या ओळखीतला बँड. हरिपाठात विणा कुणाच्या गळ्यात, यावरूनही गावात रुसवेफुगवे होतातच की.

अलीकडं या जागेत एक नवा धोका आलाय, मोबाइलचा. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या इंग्रज बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिथं आधी गाणाऱ्यांत गायिका जसलीन रॉयल होती. तिच्या गाण्याचे तुकडे लोकांनी मोबाइलवर टिपले आणि रात्रीतून समाजमाध्यमांवर टीकेचा पाऊस पडला. आता, स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून मोबाइलच्या माईकनं घेतलेल्या तुकड्यावर कुणाच्या गळ्याचा निवाडा करणं मला पटत नाही. पण करणारे करतात. पूर्वी वाईट झालेली पंचवीस मिनिटं मैदानावरच विरून जायची. आता ती साठवलेली राहतात आणि पुढच्या आयोजकाच्या हातातही पडतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नाचण्यासारखं काय. भाच्याला विचाराल तर तो म्हणेल, ओळख होते, नाव होतं. मी या उत्तराला फार किंमत देत नाही. पोस्टरवरच्या बारीक अक्षरांनी नाव होत नसतं. पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक म्हणजे कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्या साऊंडवर आपली गिटार ऐकलेली असते. बास ड्रमचा ठोका पोटात बसतो, आपणच छेडलेली तार मैदानाच्या टोकाला आदळून जरा उशिरानं परत कानावर येते. हे एकदा अनुभवलं की माणूस काही दिवस जमिनीवर नसतो. तुमच्या फोनवर आलेलं ओरडणं बहुधा त्याचंच होतं.

दुसरी म्हणजे कात्री. पंचवीस मिनिटांत पाच गाणी बसतात, तीही मधे कुणी बोललं नाही तर. घरी वाजवताना सात मिनिटं चालणारी सुरुवात तिथं दीड मिनिटाची करावी लागते. ‘नमस्कार पुणे, कसे आहात’ यात वीस सेकंद जातात. सूर जुळवायला थांबलात तर समोरचा वडापाव घ्यायला वळतो. दहा वेळा सराव करून जे कळत नाही, ते परक्याच्या गर्दीपुढं एका संध्याकाळी कळतं : आपलं कुठलं गाणं अनोळखी माणसाला थांबवतं आणि कुठलं नुसतं मित्रांच्या टाळ्यांवर जगतंय. यासाठी एकदा फुकट वाजवलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्यांदा प्रवासखर्च आणि जेवण मागावं. तिसऱ्यांदाही फुकट बोलावलं तर तुम्ही म्हणता तेच खरं, राबवून घेतायत. तेव्हा भाच्याला फोन करा, माझ्या नावानं करा हवं तर.

एक पुरवणी. १९८६ सालापासून मुंबईत, धोबीतलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. तिथं बाहेरच्या मोठ्या नावाची वाट बघायची नसे. देशातले बँड एकामागून एक वाजवत आणि गर्दी त्यांचीच असे. ती गर्दी कडक होती, आवडलं नाही तर लगेच कळवायची. पण तिथं शिवी खाल्ली तरी ती तुमच्या नावानं असायची. पुढं आजूबाजूला शाळा-कॉलेज-दवाखाने म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातलं वाजवणं थांबलं. आज तशा जागा कमी आहेत, म्हणून मोठ्याच्या आधीच्या पंचवीस मिनिटांसाठी इतकी चढाओढ दिसते.

प्रश्न : परदेशात म्हणे पहिला बँडच उलट पैसे देतो. हे खरं की थाप?
— तुळजापूरहून एक वाचक

उत्तर : खरं आहे. त्याला तिकडं ‘बाय-ऑन’ म्हणतात. मोठा बँड युरोप-अमेरिकेत महिनाभर फिरणार असतो, रोज नवं गाव. त्याच्याबरोबर फिरायचं तर पहिल्या बँडनं ठरावीक रक्कम भरायची. हिशेब असा सांगतात, की बसमधली जागा, साऊंडची माणसं, मंचाची वेळ या सगळ्याचा खर्च आहे, तर त्यातला वाटा उचला. काही ठिकाणी तो हिशेब प्रामाणिक असतो, काही ठिकाणी ती निव्वळ जागेची बोली असते.

भरणारे वेडे नसतात. रोज रात्री शे-दोनशे नवे कान मिळतात आणि दाराजवळच्या टेबलावर टी-शर्ट विकता येतात. या टी-शर्टांवर पुष्कळ लहान बँडांचं डिझेल चालतं. मात्र तिथंही अटी असतात : आमच्या टी-शर्टपेक्षा स्वस्त विकायचा नाही, आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा हॉलच्या मालकाला. भारतात असा महिनाभराचा बसदौरा फारसा होत नाही, म्हणून पैसे भरायची रीतही रुजली नाही. इथं दुसरा प्रकार चालतो. बँडला तिकिटं दिली जातात, ‘एवढी खपवा, मग वाजवा.’ नाव वेगळं, गोष्ट तीच. कुणी असं म्हणालं तर न खपलेल्या तिकिटांचे पैसे कुणी भरायचे हे आधी लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं कार्यक्रमाच्या रात्री कुणाला आठवत नसतं.

तुळजापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. देवीच्या दारात नवरात्रात कुणाची संबळ कधी वाजायची याचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. तिथं जागा विकत मिळत नाही. रॉकमध्ये मान नावाची गोष्टच नाही, म्हणून बाजार आहे.

प्रश्न : एकदा मोठा झालेला बँड पुन्हा कुणाच्या आधी वाजवतो का? की तो कमीपणा समजतात?
— लोहाऱ्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : वाजवतो की. मेटॅलिका या अमेरिकन बँडचंच बघा. १९८६ मध्ये ते ऑझी ऑस्बॉर्न या गायकाच्या आधी अमेरिकाभर वाजवत फिरले. तेव्हा त्यांची गाणी रेडिओवर लागत नव्हती, टीव्हीवर त्यांचा व्हिडिओही नव्हता. ऑझीच्या गर्दीनं त्यांना ऐकलं आणि उचललं. पुढं ते स्वतः जगातल्या मोठ्यात मोठ्या बँडांपैकी एक झाले. तरी नोव्हेंबर २००५ मध्ये आपल्याच भागात, सॅन फ्रान्सिस्कोला, रोलिंग स्टोन्सच्या आधी दोन रात्री वाजवले. स्टोन्सच्या आधी उभं राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बेंगळुरूला आले, त्यांचा भारतातला पहिला कार्यक्रम. त्याच्या दोन दिवस आधी दिल्लीजवळ गुडगावला व्हायचा तो ऐन वेळी रद्द झाला होता, त्यामुळे बेंगळुरूत आणखीच गर्दी. तिथं आधी वाजवणाऱ्यांत बेंगळुरूचाच इनर सँक्टम हा बँड होता.

उलटी गोष्टही एक आहे, मला फार आवडते ती. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्रज बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्याशा क्लबात ते एका रात्री वाजवायला उभे राहिले, तेही तिथल्याच पोरांची वाद्यं घेऊन, तिथल्याच पोरांबरोबर. पोस्टर नाही, तिकीट नाही. त्या रात्री कोण आधी आणि कोण नंतर, हे विचारायचं कारणच नव्हतं.

प्रश्न : आम्ही परंड्याची चार मुलं. दोन गिटार, बास, ड्रम. सोलापूर किंवा पुण्यात कुणा मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं तर कुणाला विचारायचं? सोबत काय न्यायचं?
— परंडा

उत्तर : मोठ्या बँडला विचारू नका, त्यांच्या हातात नसतं. कार्यक्रम भरवणारा आयोजक किंवा त्या हॉलचं बुकिंग बघणारा माणूस गाठा. तुमच्यासाठी जवळचा रस्ता कॉलेजच्या महोत्सवांचा आहे. पुष्कळ ठिकाणी बँडची स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्याला शेवटच्या रात्री मोठ्या बँडच्या आधी उभं करतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवातही पाश्चात्त्य समूहगायन असतं. तिथं ड्रमसेट लागत नाही, पण चौघांना एका दमात गाणं पार पाडायची सवय लागते.

पाठवायचं ते एकच रेकॉर्डिंग, मोबाइलवर एका दमात घेतलेलं, चौघंही दिसतील असं. स्टुडिओत सजवलेलं पाठवलंत तर आयोजकाला तुम्ही मंचावर कसे वाजता ते कळत नाही, आणि त्याला तेवढंच कळायला हवं असतं. सोबत एका कागदावर मंचाचं चित्र : कोण कुठं उभं राहणार, माईक किती, अँप किती, विजेचे पॉइंट कुठं. हा कागद असलेल्या बँडला साऊंडवाला अर्धा मित्र मानतो.

ड्रमसेट आणि अँप बहुतेक तिथलेच मिळतात, त्याला बॅकलाइन म्हणतात. ड्रमरनं मात्र आपली झांजेची तबकं, स्नेअर आणि पायातलं पेडल स्वतः न्यायचं. या तिन्हींना मिळून ‘ब्रेकेबल्स’ म्हणायची पद्धत आहे, कारण ती तुटू शकतात आणि म्हणून आपली दुसऱ्याला वापरायला कुणी देत नाही. गिटारवाल्यांनी तारांचा जादा संच, दोन जादा केबल, पेडलचा अ‍ॅडॉप्टर आणि लांब एक्स्टेन्शन बोर्ड. परंड्याहून कुर्डुवाडी गाठलीत की पुण्याच्या गाड्या मिळतात. तबकं सीटखाली सरकवू नका, मांडीवर घ्या.

सेट वीस मिनिटांचा बांधा, पंचवीस मिळाली तरी. शेवटचं गाणं असं निवडा की मधूनच हात दाखवून ‘संपवा’ म्हणाले तर दोन ओळींत संपवता येईल. साऊंडवाल्याचं नाव आधी विचारून ठेवा आणि माईकवरून त्याला ‘ओ दादा’ म्हणून आवाज वाढवायला सांगू नका, तो मुद्दाम कमी करतो. आणि वाजवून झालं की सामान आहे तसं उचलून खाली न्या, केबल खाली गुंडाळा. मंचावर केबल गुंडाळत बसलेल्या बँडला सहसा पुन्हा बोलावणं येत नाही.